केट ग्रेनव्हिल आणि माझी अडलेली ७२ पानं

ओसरी
मंडळी, माझी एक कादंबरी चार वर्षं ७२व्या पानावर अडून बसली आहे. विषय पणजोबा. कोकणातलं गाव, खोती, भाऊबंदकी, एक कोर्टकज्जा. सामान भरपूर, पण गाडी हलेना. मध्ये पैसे भरून एका ऑनलाइन लेखनवर्गात बसले. सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर डोंगर काढला: इथे संघर्ष, इथे कळस, इथून उतार. माझे पणजोबा काही त्या डोंगरावर चढेनात. (त्यांना दमा होता.) तिसऱ्या आठवड्यात मी वर्ग सोडला.

परवा मेलबर्नच्या मावसबहिणीने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ऑस्ट्रेलियन कादंबरीकार केट ग्रेनव्हिलचं 'द रायटिंग बुक' आणून दिलं. १९९० सालचं. आधीच्या मालकाने त्यातले स्वाध्याय पेन्सिलीने सोडवलेत आणि पाच-सहा झाल्यावर पेन्सिल थांबली आहे. त्या अनोळखी माणसाबद्दल मला उगाच जिव्हाळा वाटतो. पुस्तकाचा सूर साधारण असा, की पहिल्या पानापासून सुरुवात करायची सक्ती नाही, कथानक आधी ठरवायचीही नाही. तुकडे लिहा, ढीग होऊ द्या, मग ढिगात काय सापडतं ते बघा.

माझा प्रश्न: बाई स्वतः अशाच लिहितात, की हे नुसतं विद्यार्थ्यांसाठी? आणि मुळात लिहिणं शिकवता येतं का?

बेरकी_बोका
७२ पानं? आमची गाडी शीर्षकापाशीच बंद पडते. पुढील लेखनास शुभेच्छा.

खडूस मास्तर
शिकवता येत नाही. शुद्धलेखन शिकवता येतं, तेही आता कोणी शिकत नाही. ज्यांना पुस्तकं खपवता येत नाहीत ते पुस्तकं कशी लिहावीत याची पुस्तकं खपवतात.

दक्षिणध्रुव
मास्तर, या बाईंच्या बाबतीत तुमचा नेम चुकला. सिडनीत एकोणीस वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जन्म १९५०, सिडनी. आई फार्मासिस्ट, वडील पुढे न्यायाधीश झाले. सिडनी विद्यापीठातून पदवी, मग फिल्म संकलनाची नोकरी, मग काही वर्षं युरोपात. तिथून अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लेखनाची एमए. म्हणजे त्या स्वतः लेखनवर्गात बसलेल्या आहेत. परत आल्यावर एसबीएस वाहिनीत सबटायटल्स लिहिण्याचं काम. १९८४ साली 'बिअर्डेड लेडीज' हा कथासंग्रह आला आणि 'लिलियन्स स्टोरी'च्या हस्तलिखिताला व्होगेल पुरस्कार मिळाला. तो पस्तिशीच्या आतल्या लेखकांच्या अप्रकाशित हस्तलिखिताला द्यायचे. पुस्तक १९८५ मध्ये आलं. पुढे 'ड्रीमहाउस', 'जोन मेक्स हिस्टरी', आणि १९९४ मध्ये 'डार्क प्लेसेस'. त्यात लिलियनचीच गोष्ट तिच्या बापाच्या तोंडून येते. बाप कसा आहे हे पहिल्या पुस्तकात कळलेलं असताना त्याच्याच डोक्यात जाऊन बसायचं! मला ते पुस्तक दोन बैठकींत वाचवलं नाही, चार लागल्या. २००१ मध्ये 'द आयडिया ऑफ परफेक्शन'ला ऑरेंज प्राइझ मिळालं आणि मग २००५ मध्ये 'द सीक्रेट रिव्हर'. तिला राष्ट्रकुल लेखक पुरस्कार मिळाला, २००६ च्या बुकरच्या अंतिम यादीत ती होती.

तेव्हा 'रायटिंग बुक' लिहिलं ते काही दुकान चालेना म्हणून नव्हे. पाठीशी तीन कादंबऱ्या होत्या आणि वर्ग घेणं चालू होतं.

खडूस मास्तर
चला, एक अपवाद मान्य.

कातरकाम
मी व्हिडिओ एडिटर, त्यामुळे दक्षिणध्रुव यांच्या प्रतिसादातला एकच शब्द मला दिसला: संकलन. ओसरीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे असं माझं मत.

संकलकापुढे कधीही गोष्ट येत नाही. तुकडे येतात, तेही उलटसुलट. शेवटचा प्रसंग आधी चित्रित झालेला, पहिला पावसामुळे राहून गेलेला. तुम्ही सगळं पाहता, नावं घालून ठेवता आणि मग दोन तुकडे शेजारी ठेवले की तिसरंच काही दिसायला लागतं. परवा एका लग्नाच्या व्हिडिओत नवरीचा हसरा चेहरा आणि मामाचं घड्याळाकडे बघणं शेजारी आलं. अख्ख्या लग्नाचा अर्थ बदलला. (गिऱ्हाइकाने काढायला लावलं.) ही सवय हाताला लागली की कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य शोधत बसणं वेडेपणाचं वाटतं. 'तुकडे करा, ढीग करा' हे बाईंना वर्गात सुचलेलं नसणार, कापायच्या टेबलावर सुचलं असणार.

बेरकी_बोका
मामाचं घड्याळ = उत्तम लघुकथा.

शेवंता_पाटणकर
विषय निघालाच आहे तर 'मेकिंग स्टोरीज' शोधा. ग्रेनव्हिल आणि सू वूल्फ या दोघींनी मिळून १९९३ मध्ये केलं. दहा ऑस्ट्रेलियन कादंबऱ्या कशा लिहिल्या गेल्या याचे पुरावेच: कच्चे खर्डे आणि लेखकांच्या मुलाखती. पॅट्रिक व्हाइट, पीटर केरी, हेलन गार्नर, एलिझाबेथ जॉली, टॉमस केनीली अशी मातबर मंडळी. छापील उतारा आणि त्याचा आधीचा अवतार एकत्र वाचायला मिळतो.

मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आपल्याकडे लेखकाचा खर्डा बघायला मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. वारस देत नाहीत, नाहीतर वाळवीने आधीच वाचलेला असतो. मुलांना वाटतं, थोर लेखन सरळ छापखान्यातच जन्माला येतं. त्या पुस्तकातली दोन पानं वर्गात दाखवली तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, हे तर माझ्यासारखंच खराब लिहितात." मला वाटतं, लेखन शिकवण्यातला निम्मा भाग तेवढाच.

दक्षिणध्रुव
+१. आणि नंतर त्यांनी शाळकरी मुलांसाठीही एक पुस्तक केलं, २००१ मध्ये, 'रायटिंग फ्रॉम स्टार्ट टु फिनिश'. सहा पायऱ्या: कल्पना जमवा, त्यातल्या निवडा, आराखडा करा, लिहा, पुन्हा बघा, मग चुका काढा. माझी लेक निबंध त्याच क्रमाने लिहायची. आपल्याला शाळेत चुका काढणं हीच पहिली पायरी होती.

खडूस मास्तर
हा टोला मला होता हे कळलं.

मृगजळ२२
अवांतर: लिलियन ही बी माइल्सवरून सुचलेली आहे ना? सिडनीच्या रस्त्यांवर राहणारी बाई, गळ्यात पाटी, पैसे घेऊन शेक्सपिअर म्हणून दाखवायची. चांगल्या घरची, शिकलेली. टॅक्सीत बसायची आणि भाडं द्यायला नकार द्यायची. पण १९५५ मध्ये सिडनीहून टॅक्सी करून पर्थला गेली आणि परत आली, ते भाडं मात्र चुकतं केलं. सहाशे पौंड.

बेरकी_बोका
सिडनी-पर्थ म्हणजे एका बाजूने चार हजार किलोमीटर ना? आमचा रिक्षावाला नदी ओलांडायला तयार नसतो.

तिखटमीठ
हसून हसून पुरे वाट. "पर्थ? नाय, तिकडून रिटर्न भाडं भेटत नाय."

निरंजन_ज
टॅक्सी बाजूला ठेवून 'द सीक्रेट रिव्हर'वर येऊ या, कारण ओसरीताईंच्या पणजोबांचा खरा संबंध तिथे आहे.

ग्रेनव्हिल यांच्या आईकडून एक घरगुती कथा चालत आलेली. पूर्वज सॉलोमन वाइजमन, लंडनच्या थेम्स नदीवरचा होडीवाला. १८०५ मध्ये ब्राझीलवुड, म्हणजे रंग काढायचं महागडं लाकूड, चोरताना सापडला. आधी फाशी, मग ती रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा. १८०६ मध्ये बायकोसह सिडनीला पोचला, सुटका झाल्यावर हॉक्सबरी नदीकाठी बस्तान बसवलं, पैसा केला, नदी ओलांडणारी होडी चालवायचा ठेका मिळवला. गावाचं नावच वाइजमन्स फेरी. ठरीव कथा: गरीब, गुन्हेगार, कष्ट, भरभराट.

२८ मे २००० रोजी सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून मूळनिवासींशी सलोख्यासाठी मोठा मोर्चा निघाला. बाई त्यात चालत होत्या. कठड्याशी उभ्या असलेल्या एका मूळनिवासी स्त्रीशी नजरानजर झाली, दोघी हसल्या. आणि यांच्या मनात आलं, की हिचा पूर्वज आणि माझा पूर्वज नदीकाठी समोरासमोर आले असतील तर? तेव्हा काय झालं असेल? घरातल्या कथेत तर समोर कोणीच नव्हतं. जमीन रिकामी होती आणि वाइजमनने ती 'घेतली'.

हा शब्दच सगळा खेळ आहे. इंग्रजीत घरचे म्हणायचे 'टुक अप'. म्हणजे रीतसर, हाती घेतल्यासारखं. एका मूळनिवासी लेखिकेने बाईंना विचारलं, 'अप' कशाला? नुसतं 'टुक' म्हणा. घेतली म्हणजे काढून घेतली. एवढ्याशा शब्दयोगी शेपटीत दोनशे वर्षं दडवलेली.

त्यांनी आधी हे पुस्तक वाइजमनचं चरित्र म्हणूनच लिहायला घेतलं होतं. लंडनला गेल्या, ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्याची नोंद काढली, थेम्सच्या काठाने भटकल्या. कागद मिळाले, पण नदीकाठच्या त्या भेटीबद्दल कागदात अक्षर नाही. तेव्हा वाइजमनचा विल्यम थॉर्नहिल झाला आणि चरित्राची कादंबरी. या सगळ्या धडपडीवर त्यांनी 'सर्चिंग फॉर द सीक्रेट रिव्हर' हे वेगळं पुस्तक २००६ मध्ये लिहिलं. कादंबरीबरोबर ते त्यांच्या डॉक्टरेटचा भाग होतं. ओसरीताई, स्वाध्याय नंतर सोडवा, आधी हे वाचा.

ओसरी
निरंजन, 'घेतली'पाशी थांबले आहे. सावकाश लिहिते.

तिखटमीठ
मराठीत तर क्रियापदांचं अख्खं दुकान आहे. जमीन लिहून घेतली, कसायला घेतली, नावावर केली, गहाण पडली, सावकारीत गेली, पदरात पडली, घशात घातली. कोण बोलतंय ते क्रियापदावरून ओळखावं.

कागदोपत्री
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जरा मीठ टाकतो. कादंबरी उत्तम आहे, वाद नाही. पण २००५ मध्ये एबीसी रेडिओवरच्या मुलाखतीत बाई बोलून गेल्या, की इतिहासकार आपसात लढताहेत आणि कादंबरीकार शिडीवर चढून वरून ती लढाई बघू शकतो. तेव्हा तिथे 'हिस्टरी वॉर्स' पेटलेली: वसाहतीच्या सीमेवर किती हिंसा झाली, पुरावे कोणते, यावर इतिहासकार आणि राजकारणी एकमेकांच्या उरावर बसलेले. त्यात हे शिडीचं वाक्य! इंगा क्लेन्डिनन या इतिहासकार बाईंनी २००६ मध्ये 'क्वार्टर्ली एसे'मध्ये चांगलाच समाचार घेतला. मुद्दा साधा होता. सिडनीत वसाहतीच्या पहिल्या दिवसांत घडलेला प्रसंग उचलून वीसेक वर्षांनंतरच्या हॉक्सबरीवर ठेवला तर तो प्रसंग तोच राहत नाही. माणसं वेगळी, भीती वेगळी. आणि 'मी तिथे असते तर मला काय वाटलं असतं' ही सहवेदना म्हणजे पुरावा नव्हे. १८१० सालच्या होडीवाल्याच्या डोक्यात एकविसाव्या शतकातल्या सुशिक्षित बाईचं मन घातलं, तर मिळेल ते आपलंच प्रतिबिंब.

शेवंता_पाटणकर
पण त्यांनी 'हा इतिहास आहे' असा दावा कुठे केला? नाव बदललं, पुस्तकावर कादंबरी म्हणून छापलं. आणि शिडीच्या वाक्याचा आपल्या मनात नसलेला अर्थ काढला गेला, असं त्यांनी उत्तरही दिलं.

कागदोपत्री
ताई, दावा पुस्तकात नसतो, वाचकाच्या डोक्यात तयार होतो. आपल्याकडे वेगळं काय आहे? ऐतिहासिक कादंबरीतला संवाद लोक भाषणात पुरावा म्हणून फेकतात.

शेवंता_पाटणकर
तो दोष वाचकाचा. आणि बाईंनी एक संयम पाळला त्याचं श्रेय द्याल की नाही? मूळनिवासी माणसांच्या मनात त्या शिरल्याच नाहीत. ते दिसतात ते थॉर्नहिलला दिसतील तेवढेच. माझ्या अनुभवाबाहेरच्या मनाबद्दल मी बोलणार नाही, ही भूमिका.

मृगजळ२२
त्या संयमाचीच दुसरी बाजू अशी, की ज्यांची जमीन गेली ते पुस्तकभर मुकेच राहतात. २०१३ मध्ये सिडनी थिएटर कंपनीने नाटक केलं, रूपांतर अँड्र्यू बोवेल यांचं. त्यात निवेदक म्हणून मूळनिवासी स्त्री आणली, तिला नाव दिलं धिरंबिन, म्हणजे नदीचंच नाव, आणि तिथल्या मूळनिवासींची धरुग भाषा रंगमंचावर बोलली गेली. कादंबरीतली ती रिकामी जागा नाटकाने भरली असं मला वाटतं.

कागदोपत्री
हे मान्य. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर 'द लेफ्टनंट' (२००८) मला जास्त आवडते. तिथे कागदाचा आधार घट्ट आहे. विल्यम डॉज नावाच्या, नौदलाच्या मरीन तुकडीतल्या लेफ्टनंटने १७९०-९१ च्या सुमारास पट्येगरँग या मुलीकडून सिडनीची भाषा शिकताना वह्या लिहिल्या, त्या लंडनमध्ये सापडल्या. शब्दांच्या यादीतून दोन माणसांची मैत्री उभी केली आहे. नावं अर्थात बदललेली.

निरंजन_ज
आणि २०२० मध्ये 'अ रूम मेड ऑफ लीव्ह्ज' लिहून त्यांनी इतिहासकारांना डोळाच मारला. मेंढ्या आणि लोकरीच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जॉन मॅकार्थरची बायको एलिझाबेथ, तिच्या 'सापडलेल्या' गुप्त आठवणी, संपादक म्हणे केट ग्रेनव्हिल. सगळं रचलेलं, आणि पुस्तक स्वतःच सांगतं की पटकन विश्वास ठेवू नका.

तिखटमीठ
यांचं 'द केस अगेन्स्ट फ्रेग्रन्स' कोणी वाचलंय का? २०१७. कादंबरी नव्हे. बाईंना अत्तरं, परफ्यूम, रूम फ्रेशनर यांनी डोकेदुखी होते. पुस्तकाच्या दौऱ्यावर असताना हॉटेलच्या मार्गिकेतला वास आत येऊ नये म्हणून खोलीच्या दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, आणि मग वैतागून या विषयाचा अभ्यासच केला.

मोगरा_फुलला
माझी सखी! आमच्या सासरी दारातच अत्तरदाणी, गुलाबपाणी आणि हॉलमध्ये तीन उदबत्त्या. मी गेली अकरा वर्षं प्रत्येक मंगळागौरीला अर्धशिशीने झोपते आणि सगळे म्हणतात सुनेला कामाचा कंटाळा आहे.

बेरकी_बोका
मोगरा_फुलला नाव घेऊन वासाची तक्रार? 

मोगरा_फुलला
खरा मोगरा चालतो हो. बाटलीतला नाही.

संपादक मंडळ
उदबत्तीवर स्वतंत्र धागा काढावा. इथे कादंबरी.

दक्षिणध्रुव
विषयावर येतो. गेल्या इस्टरला वाइजमन्स फेरीला गेलो होतो, सिडनीपासून दीडएक तास. गाव एवढंसं. वाइजमनने बांधलेलं घर आता हॉटेल-बार आहे, आम्ही तिथे चिप्स खाल्ल्या. नदी ओलांडायला अजूनही फेरीच. दोन्ही काठांना जाड तारदोर बांधलेला, फेरी तो ओढत ओढत जाते. पैसे पडत नाहीत. गाड्या रांगेने आत गेल्या, फळी वर झाली, इंजिनाची घरघर. कठड्यावरून खाली बघितलं तर दोर पाण्यातून वर येताना निथळत होता, त्याला नदीतलं हिरवं काहीतरी चिकटलेलं. काही मिनिटांत पलीकडे. तिथून कैद्यांनी दगड फोडून बांधलेला जुना ग्रेट नॉर्थ रोड वर चढतो, तो जागतिक वारसा यादीत आहे.

लेकीने विचारलं, "वाइजमन यायच्या आधी लोक नदी कशी ओलांडायचे?" मी म्हणालो, "आधी कोणी..." आणि जीभ चावली. पुस्तक दोनदा वाचलेला माणूस मी. तरी तोंडातून तेच येणार होतं.

निरंजन_ज
भारी प्रतिसाद. २०२५ मध्ये आलेलं 'अनसेटल्ड' हेच करतं. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर बाई पुन्हा त्याच वाटेने निघतात, वाइजमन्स फेरीपासून पुढे पूर्वज जिथे जिथे सरकत गेले तिथे, आणि काल्पनिक काही नाही. मध्ये १४ ऑक्टोबर २०२३ ला मूळनिवासींना घटनेत आवाज देण्याच्या प्रश्नावर सार्वमत झालं आणि ते फेटाळलं गेलं. योगायोग बघा, तोच बाईंचा वाढदिवस.

त्याच वर्षी 'रेस्टलेस डॉली मॉन्डर' आली होती, ती आजीवर. आईवर २०१५ मध्ये 'वन लाइफ' येऊन गेलं. एकाच घराण्याची खाण आणि पंचवीस वर्षं खणताहेत.

खडूस मास्तर
धागा सुरुवातीपासून पुन्हा वाचला. माझं मत बदललेलं नाही, पण थोडं सरकलं आहे. शिकवता येत नाही ते म्हणजे त्या मोर्चातल्या नजरेने अस्वस्थ होणं. हजारो लोक त्या पुलावरून चालले, बहुतेकांनी घरी जाऊन चहा घेतला असेल. पण अस्वस्थ झाल्यावर पुढे काय करायचं, कागद कुठे शोधायचे, चरित्र चालेना तर कादंबरी करून बघायची, नाव बदलायचं, पाच वर्षं खर्डे फाडायचे, हे शिकवता येत असावं. ओसरीबाई, तुमचे ते डोंगरवाले सर मात्र सोडलेत ते बरं केलंत.

कातरकाम
मास्तरांचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

ओसरी
उशिरा आले, माफ करा. सगळे प्रतिसाद वाचले, काही आईला वाचून दाखवले.

निरंजन यांचं 'घेतली' डोक्यातून जाईना म्हणून आत्याला फोन केला. वय ८८, गावीच असते. विचारलं, आत्ये, खालची आगराची जमीन आपल्याकडे कशी आली? म्हणाली, "कशी म्हणजे? आली." पुन्हा विचारलं. "अगो, आली. तेव्हा येत असत." तिसऱ्यांदा विचारल्यावर गप्प. मग म्हणाली, "अंगठा देताना म्हातारी रडत होती म्हणे. शाई पुसायला तिनं पदर पुढं केला तर आजोबांनी आपला पंचा दिला." कोण म्हातारी? "ते नाही ठाऊक." मग तिच्याकडे पावसाला सुरुवात झाली आणि पत्रे वाजायला लागले, काही ऐकू येईना.

चार वर्षांत लिहिलेल्या एकाही पानावर ती म्हातारी नव्हती. काल रात्री दोन पानं लिहिली, शाईची आणि पंचाची. कुठे बसतील माहीत नाही, म्हणून पानांवर आकडा घातलेला नाही.

बेरकी_बोका
म्हणजे एकूण ७४! अभिनंदन!

ओसरी
नाही हो. आधीची ६० काढून टाकली. १४.